फोनमध्ये सगळं आहे म्हणे!

"आता प्रत्येक फोन वाचून दाखवतो, बोललेलं लिहून देतो, तेही फुकट. महागडी उपकरणं दिली तरी मुलं ती टाकून देतात. वर परीक्षेत जादा वेळ! मग कॉलेजातल्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी सहाय्यक तंत्रज्ञानावर संशोधन हवंच कशाला?" असा मजकूर बराच फिरतोय.

फुकट साधनं उत्तम आहेत, यात वाद नाही. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, २००६ साली मायकेल करन या अंध तरुणानेच लिहायला घेतला.

पण "वाचून दाखवतो" म्हणजे काय वाचतो? स्कॅन केलेल्या नोट्स म्हणजे स्क्रीन रीडरच्या लेखी नुसतं चित्र. ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या तंत्राने, ती ओळखली तरी दोन स्तंभांच्या ओळी एकमेकींत घुसतात, तक्त्यातले आकडे शीर्षकांपासून तुटतात. गणितात तर हाल विचारू नका. "एक भागिले एक्स अधिक दोन" हे नुसतं ऐका आणि सांगा, तो "अधिक दोन" छेदात आहे की अपूर्णांकाच्या बाहेर? उत्तर पार बदलतं. समीकरणाची रचना जपणारी मॅथएमएल ही संगणकी लेखनपद्धत १९९८ पासून उपलब्ध आहे, तरीही समीकरणं सर्रास चित्र म्हणून चिकटवली जातात. तिथे फोन बिचारा काय करणार? लांबलचक समीकरण कानाने ऐकताना ते लक्षात कसं ठेवायचं, मध्येच मागे कसं जायचं, हे प्रश्न संशोधनाचेच आहेत.

आपोआप उमटणारी सबटायटल्स नेमकी पारिभाषिक शब्दांवर घसरतात, म्हणजे परीक्षेला येणाऱ्या शब्दांवरच. चर्चेत दोघे एकदम बोलले की कोण काय म्हणालं, याचा पत्ता लागत नाही. आणि ज्या कर्णबधिर विद्यार्थ्याची पहिली भाषा सांकेतिक आहे, त्याला ही सबटायटल्स दुसऱ्या भाषेत वाचावी लागतात.

उपकरणं टाकून दिली जातात, हे मात्र खरं. फिलिप्स आणि झाओ या संशोधकांनी १९९३ साली २२७ दिव्यांग प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात २९.३ टक्के उपकरणं पूर्णपणे सोडून दिलेली आढळली. कारणांत एक ठळक होतं: निवडताना वापरणाऱ्याचं मत विचारातच घेतलं नव्हतं. उपकरण नीट चालत नव्हतं, गरज बदलली होती, हीही कारणं होती. मजकूर लिहिणाऱ्याने यावरून "गरजच नव्हती" असा निष्कर्ष काढला. मला तर यात चांगल्या संशोधनाचीच मागणी दिसते. चांगल्या म्हणजे, डोळस मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून केलेल्या उपकरणांच्या चाचण्या नव्हेत. पट्टी बांधलेला मुलगा नवशिका असतो. सराईत अंध विद्यार्थी इतक्या वेगात आवाज ऐकतो की शेजारच्याला शब्दही कळत नाही.

राहिला परीक्षेतल्या जादा वेळेचा आक्षेप. स्क्रीन रीडर प्रश्न वाचतो, उत्तर सांगत नाही. डोळस विद्यार्थी तक्त्यावर एक नजर टाकतो. अंध विद्यार्थ्याला तोच तक्ता एकेक चौकट ऐकत पुढे सरकावं लागतं. वेळ तिथे जातो.