हातोडी सोडून सगळं

लोखंडी पट्टीवर हातोडीचा ठोका पडतो तो काही मिलिसेकंदांचा. तेवढा पकडून कॉम्प्युटरला द्यायचा, ही माझी नोकरी. इंजिनिअरिंग कॉलेजच्या कंपनांच्या प्रयोगशाळेत पट्टीचं एक टोक व्हाइसमध्ये आवळलेलं आहे, दुसऱ्यावर ॲक्सेलरोमीटर, म्हणजे थरथर मोजणारा सेन्सर, चिकटवलाय. हातोडी मारली की पट्टी थरथरते, ती थरथर डेटा ॲक्विझिशन कार्डात (सिग्नल मोजून कॉम्प्युटरला देणाऱ्या कार्डात) शिरते आणि पडद्यावर ग्राफ उमटतो. असं मॅन्युअलमध्ये लिहिलंय.

कार्ड आयएसए स्लॉटचं, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरांतच असलेल्या खाचेत बसणारं. त्या स्लॉटपायी जुना कॉम्प्युटर अजून पोसावा लागतो. कार्ड बारा बिटांचं, म्हणजे उणे पाच ते अधिक पाच व्होल्टचे 4096 तुकडे करतं. एक तुकडा 2.44 मिलिव्होल्टचा. इतक्या बारीक नजरेतून काही म्हणून सुटत नाही, हातोडी तेवढी सुटते.

मोजणी कधी सुरू करायची, ते सांगणारा इशारा म्हणजे ट्रिगर. आधी होता सॉफ्टवेअर ट्रिगर. एका हातात हातोडी, दुसऱ्या हाताचं बोट एंटरवर. ठोका मारून एंटर दाबेपर्यंत पट्टी थरथरून गप्प झालेली असायची. बैल गेला आणि झोपा केला! मग ॲनलॉग ट्रिगर लावला: सिग्नल ठरावीक पातळीच्या वर गेला की कार्डानं आपणहून मोजणी सुरू करायची. पातळी अर्ध्या व्होल्टला ठेवली, तर विद्यार्थ्यांची हातोडी तिथवर पोचेना (हल्लीची मुलं हातोडीसुद्धा सॉरी म्हटल्यागत मारतात). शंभर मिलिव्होल्टवर आणली, तर ट्यूबचा चोक पोचला. पंख्याचा रेग्युलेटर पोचला. पलीकडे वर्कशॉपमध्ये कुणी वेल्डिंगची ठिणगी पाडली, तीही पोचली. प्रयोगशाळेच्या शिपाईमामांनी सकाळी ट्यूब लावली त्या क्षणाचा इतका सुबक आलेख माझ्याकडे आहे, की त्यावर पेपर लिहिता येईल.

जाणकार म्हणतील, डिफरन्शियल जोडणी करा, दोन्ही तारांवर सारखाच बसलेला गोंगाट वजा होतो. होतो ना! पण मग एका सिग्नलला आत यायच्या दोन वाटा लागतात आणि सोळा चॅनेल्सचे आठ होतात. सोळा चॅनेल्स म्हणून मंजूर करून घेतलेलं कार्ड आठावर आणायला सरांचं मन धजत नाही. वापरात एकच चॅनेल आहे, हा भाग वेगळा. उरलेल्या पंधरांना काहीही जोडलेलं नाही, तरी तीही पहिल्याची री ओढतात. आत व्होल्टचे आकडे करणारा कन्व्हर्टर एकच, तो आळीपाळीनं प्रत्येकाकडे वळतो आणि आधीच्याचा उरलेला चार्ज पुढच्याच्या गळ्यात टाकतो. सरांना मात्र सोळाही ग्राफ हलताना पाहून बरं वाटतं.

प्री-ट्रिगरवर, म्हणजे ट्रिगरच्या आधीचाही सिग्नल दाखवण्याच्या सोयीवर, तर सरांची श्रद्धाच बसली. "ठोक्याच्या आधीचं याला कसं कळतं हो?" कळत काहीच नाही. कार्ड सतत लिहीत असतं आणि जुनं पुसत असतं. ट्रिगर आला की पुसणं थांबवतं, इतकंच. पण हे सांगितल्यावर सरांचा चेहरा इतका पडला की मी विषय बदलला.

पकडलेला डेटा कॉम्प्युटरपर्यंत नेणं हे निराळंच प्रकरण. कार्डाच्या पोटात 1024 नमुने मावतात. सेकंदाला एक लाखाच्या वेगानं ते दहा मिलिसेकंदांत भरतं. पोलिंगमध्ये प्रोसेसर एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीवरच्या प्रवाशासारखा "लागली का? लागली का?" विचारत बसतो आणि दुसरं काही करत नाही. इंटरप्टमध्ये कार्डच हाक मारतं. आमच्याकडे ती हाक पाच नंबरच्या लाइनवर होती आणि त्याच लाइनवर साउंड कार्ड ठाण मांडून बसलं होतं. कंपनांच्या प्रयोगशाळेत साउंड कार्ड कशाला, ते खरेदी समितीला ठाऊक. जंपर (लाइन ठरवणारी कार्डावरची चिमुकली टोपी) काढून सातवर नेलं, तर तिथे प्रिंटर. शेवटी प्रिंटरला रजा दिली. आता ग्राफ पडद्यावर दिसतात, जर्नलमध्ये हातानं काढावे लागतात.

ट्रिगरवर तोडगा मामांनी काढला. प्रयोगाच्या वेळी ते ट्यूब, पंखे सगळं बंद करतात, वर्कशॉपमध्ये जाऊन वेल्डिंगवाल्याला चहाला घेऊन जातात, आणि मग हातोडी एकदाची पकडली जाते. परवा तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. काळोखात चाचपडत दाराशी थबकले.

"लाइट गेली का?"

मामा चहाकडे निघाले होते, ते म्हणाले, "नाही साहेब, ट्रिगर लावलाय."