ओपन सोर्स सॉफ्टवेअर मेंदूच्या नोंदी ‘बनवते’ का? एका फॉरवर्डला उत्तर

संशोधक विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक संदेश फिरतो आहे. मेंदूच्या कॅल्शियम इमेजिंगचे, म्हणजे पेशींच्या उजळण्यावरून त्यांची सक्रियता टिपणाऱ्या चित्रीकरणाचे, विश्लेषण फुकटच्या ओपन सोर्स (कोड सर्वांना खुला असलेल्या) सॉफ्टवेअरने करू नये, असे तो सांगतो. कारणे चार: कोड कोणीही बदलू शकतो, चित्रात दिसणारे न्यूरॉन (चेतापेशी) खरे की खोटे हे फक्त माणसाच्या डोळ्यालाच कळते, मूळ प्रकाशातून वजाबाकी करून आकडे बनवले जातात, आणि काही अडले तर विचारायला कोणी नसते. हा संदेश वाचून माझी भाची पीएच.डी.च्या साऱ्या नोंदींतले न्यूरॉन हाताने पुन्हा आखायला बसली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

कोड कोणीही बदलू शकतो तो स्वतःच्या संगणकावरच्या प्रतीत. मूळ प्रकल्पात बदल जायचा असेल, तर तो सांभाळणाऱ्यांनी स्वीकारावा लागतो आणि त्याची नोंद सर्वांना दिसते. शोधनिबंधात आवृत्तीचा क्रमांक दिला की दुसऱ्या प्रयोगशाळेला तोच कोड ओळ न् ओळ तपासता येतो. बंद सॉफ्टवेअरमध्ये नेमकी हीच सोय नसते.

खरे नुकसान करणारा मुद्दा माणसाच्या डोळ्याचा आहे. न्यूरॉन सक्रिय झाला की त्यातले कॅल्शियम वाढते आणि प्रयोगासाठी पेशीत आणलेले जीकॅम्प हे चमकणारे प्रथिन अधिक उजळते. पण चित्रात पेशी एकमेकींवर आलेल्या असतात, त्यामुळे हाताने काढलेल्या वर्तुळात शेजारच्या पेशीचा प्रकाशही मोजला जातो. न्यूयॉर्कच्या फ्लॅटआयर्न इन्स्टिट्यूटमध्ये विकसित झालेले ‘कायमान’ हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर असे मिसळलेले प्रकाश गणिताने वेगळे करते. त्याचा ‘ईलाइफ’ या विज्ञानपत्रिकेतला 2019चा शोधनिबंध संदेश लिहिणाऱ्याने उघडलेलाही दिसत नाही. उंदरांच्या 9 नोंदींवर अनेक माणसांकडून न्यूरॉन आखून घेऊन, त्यांची सहमती हा निकष धरून तिथे सॉफ्टवेअरची परीक्षा घेतली आहे, आणि सक्रिय न्यूरॉन शोधण्यात ते माणसांच्या जवळपास पोहोचते असा निष्कर्ष आहे. सहमती काढावी लागली, कारण माणसांची आखणीच आपसात तंतोतंत जुळत नाही. मग एकट्या विद्यार्थिनीच्या डोळ्यांना अंतिम पुरावा कसे मानायचे, आणि तिचे महिने त्यात का घालवायचे?

वजाबाकीचा आरोप अज्ञानातून आला आहे. पेशीभोवतीच्या तंतूंच्या जाळ्याचा, म्हणजे न्यूरोपिलचा, प्रकाश पेशीच्या नोंदीत झिरपतो. तो काढला नाही तर असंबंधित पेशीही एकाच वेळी सक्रिय झाल्यासारख्या दिसतात. अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्रातले ‘स्वीट-टू-पी’ हे दुसरे ओपन सोर्स सॉफ्टवेअर न्यूरोपिलचा प्रकाश 0.7ने गुणून वजा करते. हा आकडा सेटिंगमध्ये उघड दिसतो आणि बदलताही येतो.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. सेटिंग न पाहता बटण दाबले तर निकाल बिघडतात. ‘स्वीट-टू-पी’मध्ये प्रकाश ओसरण्याचा काळ 1 सेकंद धरलेला असतो, जीकॅम्पचा जीकॅम्प6एस हा प्रकार मंद असल्याने त्यासाठी 1.25 ते 1.5 सेकंद सुचवलेले आहेत. शिवाय त्यातून मिळणारे ‘स्पाइक’, म्हणजे न्यूरॉनचे विद्युत स्पंद, हे प्रकाशावरून काढलेले अंदाज असतात, प्रत्यक्ष मोजलेले नव्हेत, आणि काही निबंध हे स्पष्ट लिहीत नाहीत. पण हा दोष वापरणाऱ्याचा आहे, आणि विकतच्या सॉफ्टवेअरनेही तो टळत नाही.

विचारायला कोणी नसते, हे तर सरळ चूक आहे. दोन्ही प्रकल्पांच्या गिटहब (कोड ठेवण्याचे संकेतस्थळ) पानांवर वापरकर्त्यांचे प्रश्न आणि विकासकांची उत्तरे कोणालाही वाचता येतात. उत्तराला कधी वेळ लागतो, इतकेच.