टाऊन हॉलचं संग्रहालय अर्ध्या तासात बघायचं असतं

पाहुणे आले की आपला कोल्हापूरचा कार्यक्रम ठरलेला. सकाळी अंबाबाई, मग मिसळ, दुपारी न्यू पॅलेस, संध्याकाळी रंकाळा, रात्री तांबडा-पांढरा. दुसऱ्या दिवशी पन्हाळा नाहीतर जोतिबा, आणि जाताना चप्पल आणि गूळ. या यादीत टाऊन हॉल कुठंच नसतो. टाऊन हॉल म्हणजे आपल्या लेखी सीपीआरच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या, समोरची बाग. घरातलं कुणी ॲडमिट असलं की जिथं बसून आपण डबा खातो, ती. आत संग्रहालय आहे हे सगळ्यांना माहीत असतं. शाळेनं एकदा रांगेत नेऊन रांगेत परत आणलेलं असतं, तिथंच संबंध संपतो.

मला वाटतं, ज्या कारणानं आपण त्याला हलकं समजतो तीच त्याची मोठी सोय आहे. तिकीट किरकोळ. आणि तिकीट किरकोळ असलं की एक गोष्ट डोक्यातून जाते, ती म्हणजे वसुली.

मागं एका मोठ्या शहरातलं नावाजलेलं संग्रहालय बघायला आम्ही सहकुटुंब गेलो होतो. सगळ्यांची मिळून तिकिटं चांगलीच बसली. मग काय, एकही दालन सोडायचं नाही! शेवटी शेवटी माझी मुलगी प्रत्येक दालनात आधी बाकडं शोधत होती, बायको पंखा शोधत होती, आणि मी मात्र 'चला, अजून वरचा मजला राहिलाय' म्हणून मेंढरं हाकल्यासारखा सगळ्यांना हाकत होतो. घरी आल्यावर पोरीला विचारलं, काय आवडलं? म्हणाली, लिफ्ट.

त्यामुळं दिवाळीच्या सुट्टीत आक्का पुण्याहून पोरांना घेऊन आली, तेव्हा मी आधीच जाहीर केलं की टाऊन हॉलला जायचं, पण अर्धाच तास. आबाही यायला तयार झाले, हे विशेष. आबांचं सगळं आयुष्य उद्यमनगरातल्या फौंड्रीत मोल्डिंगवर, म्हणजे धातू ओतायचे वाळूचे साचे करण्यात गेलं. 'जुनी भांडी काय बघायची' असं म्हणत म्हणतच त्यांनी चप्पल घातली.

इमारत बाहेरून सगळ्यांच्या ओळखीची. काळ्या दगडाची, उंच उतरत्या छपराची, थोडी चर्चसारखी दिसणारी. १८७२ ते ७६ मध्ये बांधलेली, चार्ल्स मँट नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं आराखडा केलेला. न्यू पॅलेसही त्याचाच आणि समोरचं सीपीआरही. म्हणजे बागेत डबा खाताना आपण एकाच माणसाच्या दोन कामांच्या मधोमध बसलेलो असतो. पोरांना यात शून्य रस होता. त्यांना झाडावर उलटी लटकलेली वटवाघळं मोजायची होती. मोजू दिली.

आत गेल्यावर मी पोरांना सरळ एका छोट्या मूर्तीपुढं नेऊन उभं केलं. वीतभरही उंची नाही. उघड्या अंगाचा, दाढीवाला, एक हात वर उचललेला माणूस. हातात काय होतं ते आता नाही. त्रिशूळ असणार असं जाणकार मानतात. हा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. सापडला कुठं, तर ब्रह्मपुरीत. आपल्याच पंचगंगेच्या काठच्या टेकाडावर. १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या सांकळिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी तिथं रीतसर उत्खनन केलं; त्याच्या थोडं आधी ब्राँझच्या वस्तूंचा एक साठाच प्रा. कुंदणगारांच्या हाती लागला होता. त्यात हा देव, आणि पाठीवर माणसं बसलेला एक चिमुकला हत्ती. या सगळ्या वस्तू ठेवायच्या कुठं, या गरजेतून १९४६ साली हे संग्रहालय सुरू झालं. म्हणजे आधी संग्रहालय काढायचं ठरवलं आणि मग त्यात भरायला वस्तू शोधल्या, असा उलटा प्रकार नाही.

भाच्यानं पहिलाच प्रश्न बरोबर विचारला. "मामा, कोल्हापूरला समुद्र कुठाय?"

नाही ना. तीच तर गंमत आहे. सातवाहनांच्या काळात, म्हणजे अठराशे-दोन हजार वर्षांमागं, रोमन साम्राज्याशी आपल्या किनाऱ्याचा व्यापार चालायचा. कोकणातल्या कुठल्यातरी बंदरात जहाजातून माल उतरला असेल, मग बैलांच्या पाठीवरून घाट चढून वर आला असेल, आणि पंचगंगेकाठच्या कुणा सधन माणसाच्या घरात हा देव जाऊन बसला असेल. त्याला तो देव म्हणून हवा होता की शोभेची वस्तू म्हणून, कुणी सांगावं. आपल्याही शोकेसमध्ये हसरा बुद्ध असतोच की.

मी हे सगळं सांगत होतो आणि आबा काचेला जवळजवळ नाक लावून उभे होते. मग म्हणाले, "आरं, ह्ये वाळूत न्हाई निघत."

काय?

"वाळूच्या साच्यात न्हाई निघायचं ह्ये. बटा बघ केसाच्या. दाढी बघ. हात बघ कसा वर गेलाय. पेटी दोन भागात उघडताना ह्यो हात साच्याला धरून ठेवणार, साचा मोडणार. मेणाचं काम हाय ह्ये."

आणि मग पुढची दहा मिनिटं टाऊन हॉलमध्ये फक्त आबा बोलत होते. आधी मेणाची मूर्ती करायची, सगळं कोरीवकाम मेणातच. तिच्यावर मातीचे थर द्यायचे, पहिला थर अगदी मऊ गाळलेल्या मातीचा, कारण फिनिशिंग त्याच्यावर. मग तापवायचं, मेण वितळून वाहून जातं, आत पोकळी राहते, तीत धातू ओतायचा. माती फोडली की मूर्ती. साचा एकदाच वापरायचा, दुसरी मूर्ती हवी तर पुन्हा पहिल्यापासून. आक्काच्या मुलीनं विचारलं, धातू अर्ध्यात थिजला तर? आबा खूष. "मग भंगार! म्हणून साचाबी गरम पायजे आन् धातूबी." त्यांच्या बोटांकडं बघत होतो. हवेतच साचा धरल्यासारखी वळलेली.

संग्रहालयात गाईड नसतो अशी आपली कायमची तक्रार असते. पण ज्या गावात हजारो लोकांनी भट्टीपुढं उभं राहून पोट भरलं, त्या गावात ओतीव मूर्ती समजावून सांगायला माणूस बाहेरून आणायचा? प्रत्येक घरात एखादा असा आबा, काका, शेजारी असतोच. त्याला फक्त तिथवर न्यायचं. शाळांनी सहलीसोबत मास्तर पाठवतात तसा एखादा मोल्डर, एखादा कुंभार, एखादा सोनार पाठवून बघावा. इतिहासाच्या तासाला झोपणारी पोरंही प्रश्न विचारतील.

आबांच्या मागं एक अनोळखी माणूस येऊन उभा राहिला होता. हातात सीपीआरची फाईल, खांद्याला डब्याची पिशवी. तोही ऐकत होता. आबांनी आपल्या पद्धतीनं गाव विचारलं, पेशंट कोण विचारलं, आणि परत मेणावर आले. तो शेवटपर्यंत थांबला.

मग नाणी. कोल्हापुरात सापडलेल्या सातवाहनकाळातल्या शिशाच्या नाण्यांवर विळिवायकुर, शिवलकुर अशा राजांची नावं आहेत आणि एका बाजूला धनुष्यबाण. (कमेंटमध्ये कृपया राजकारण नको, नाणी त्याच्या बरीच आधीची आहेत.) ही माहिती मी पोरांना तोंडी सांगितली, आणि चला म्हणालो.

आक्का चकित. "एवढ्यासाठीच आलो? चित्रं राहिली, शस्त्रं राहिली!"

राहू देत की. अंबाबाईच्या देवळात जाऊन कुणी आवारातला एकूण एक देव एका फेरीत उरकत नाही. घाई असली तर देवीला हात जोडतो आणि निघतो, सवड असली तर प्रदक्षिणा. गावातली जागा अशीच वापरायची असते. पुढच्या सुट्टीत आबालाल रहमान. शाहू महाराजांच्या दरबारचा हा चित्रकार. महाराज १९२२ ला गेल्यावर त्यांनी आपली पुष्कळ चित्रं पाण्यात सोडली, असं जुने लोक सांगतात. मागं जी राहिली ती बघायला वेगळा अर्धा तास पाहिजे, आणि त्या दिवशी दुसरं काही नको. त्यानंतर बाबूराव पेंटर, हेही चित्रकार. त्यांनी सिनेमाचा कॅमेरा इथं कोल्हापुरात बनवला, म्हणजे आबांची तेव्हाही गरज लागणार.

बागेत भेळ खाताना वाद निघाला. आक्काचं मत, तिकीट चांगलं वाढवा, म्हणजे लोकांना किंमत राहील. पुण्यात राहून माणूस असा होतो. मी म्हटलं, उलट आहे तेही काढून टाका, पूर्ण फुकट करा. ती म्हणाली, मग कुणीही येऊन बसेल. उन्हाचं, पावसाचं, सीपीआरमधल्या पेशंटचा नंबर येईपर्यंत.

बसू देत की! गावच्याच टेकाडातून निघालेल्या वस्तू गावच्या माणसानं बघायला त्याच्याकडं वेगळं कारण कशाला हवं? टाइमपास म्हणून आला आणि एका मूर्तीपुढं पाच मिनिटं थांबला, तर ती पाच मिनिटं वाया गेली का? आबा तर कुरकुरतच आले होते. आक्काला हे अजून पटलेलं नाही. फॅमिली ग्रुपवर रोज चालू आहे. तुमचं काय मत, ते लिहा. आणि कुणी सोमवारी जाऊ नका, बंद असतं.