सोनं गहाण टाकण्याआधी सिव्हिलची पायरी चढा

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की आमच्याकडे सोनेतारण कर्जाची चौकशी वाढते. पेरणीसाठी लागतं ते वेगळं. मी बोलतोय ते त्या कर्जाबद्दल, ज्याच्या अर्जावर कारण म्हणून नुसतं ‘दवाखाना’ लिहिलेलं असतं. आखाजीत पत्ते आणि पत्त्यांसोबत बाटली हे खान्देशात कोणाला नवीन नाही. सण संपतो, डाव संपत नाही, आणि मग घरातल्या बायका एक दिवस ठरवतात की आता बास, याला व्यसनमुक्ती केंद्रात टाकू. गळ्यातली पोत जाते पतसंस्थेत आणि माणूस जातो केंद्रात.

चोपड्याला आमचं मेडिकल आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. त्यामुळे हा विषय मला काउंटरच्या आतून दिसतो. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे लांब पोस्ट वाचायचा कंटाळा असणाऱ्यांचंही काम होईल. दारू सोडवायला पहिला रुपया खासगी केंद्राला देऊ नका. पहिला रुपया सरकारी दवाखान्याच्या केसपेपरला द्या. आणि जमवलेला पैसा माणूस घरी परत आल्यानंतरच्या वर्षासाठी राखून ठेवा. आपण नेमकं उलटं करतो. सगळा पैसा कोंडून ठेवण्यावर घालवतो आणि तो घरी येतो तेव्हा पुढच्या तपासणीला जळगावला जायचं भाडंही उरलेलं नसतं.

दुकानात येणारी पहिली मागणी ठरलेली. “भाऊ, चहामा टाकीसन देता यी अशी गोयी शे का? त्याले कयाले नको.” म्हणजे चहात टाकून देता येईल, त्याला कळणार नाही अशी गोळी. विचारणारी बहुतेक वेळा आई किंवा बायको असते, इकडेतिकडे बघून हळूच विचारते. तिला जी गोळी हवी असते तिचं नाव डायसल्फिराम. गोळी खरी आहे आणि उपयोगाचीही आहे, पण घेणाऱ्याला माहीत असेल तरच. ही पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी खाली येतं. हृदयाचा त्रास असलेला माणूस यात जाऊही शकतो. आपल्या पोटात ती गोळी आहे हे ज्याला ठाऊकच नाही, तो संध्याकाळी नेहमीसारखा गुत्त्यावर जाणारच. म्हणून मी चिठ्ठीशिवाय ती देत नाही, आणि न देता पाठवलं की ताई मोबाईल काढून ‘न सांगता दारू सोडवा’ची जाहिरात दाखवतात. त्या पुडीत काय असतं ते पुडीवर लिहिलेलं नसतं.

दुसरा प्रकार जास्त वाईट. घरचे त्याला खोलीत कोंडतात. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की सहा तासांपासून दिवसभरात हात कापायला लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना अंगावर किडे दिसतात, मेलेली माणसं दिसतात, तो स्वतःच्या पोराला ओळखत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत याला ‘लागिर’ म्हणतात आणि भगताकडे नेतात. हा आजार आहे, त्याला डॉक्टरी भाषेत नाव आहे, आणि वेळेत उपचार नाही मिळाले तर माणूस मरतो. लोराझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड यांसारखी औषधं हळूहळू उतरत्या मात्रेत देतात, सोबत थायमिन म्हणजे बी-१. ही काही महागडी औषधं नाहीत, पण ती डॉक्टरच्या नजरेखालीच द्यायची असतात. आणखी एक, ‘सलाईन लावा, उतरेल’ म्हणणाऱ्यांसाठी: फार पिणाऱ्याला बी-१ न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. गावोगावी सर्रास चालतं ते.

नीट उपचार सरकारी दवाखान्यात मिळतो. जळगावचं सिव्हिल आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे आहे. धुळ्याला भाऊसाहेब हिरे महाविद्यालय आहे. नंदुरबारलाही आता मेडिकल कॉलेज झालं. मेडिकल कॉलेज म्हटलं की मनोविकार विभाग असतोच, आणि व्यसन हा त्या विभागाचा रोजचा विषय आहे. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाची आहेत. तिथे १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात केसपेपरचे आणि काही तपासण्यांचे किरकोळ पैसे लागतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक तालुक्याच्या ठिकाणी येतं, त्यांचा वार विचारून ठेवा. फोनवर विचारायचं असेल तर १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे आणि १४४१६ म्हणजे टेलि-मानस, तिथे मराठीत बोलता येतं. दोन्ही मोफत.

मग लोक का जात नाहीत? मी अनेकांना विचारलंय. “तिथं येड्यांच्या रांगेत बसावं लागतं” हे पहिलं उत्तर. “ओळखीचं कोणी भेटलं तर” हे दुसरं. तिसरं उत्तर जरा खरं आहे. सिव्हिलमध्ये माणूस स्वतःच्या पायाने गेला पाहिजे आणि घरचं कोणीतरी सोबत थांबलं पाहिजे. ज्या घरात बाई रोजंदारीवर केळीच्या बागेत जाते, तिने आठ-दहा दिवस वॉर्डात बसायचं म्हणजे तेवढ्या दिवसांची मजुरी बुडाली. केंद्रवाला म्हणतो, तुम्ही फक्त पैसे भरा, आम्ही गाडी पाठवतो, उचलून नेतो. थकलेल्या माणसाला हे ऐकायला किती बरं वाटतं ते मला कळतं. तिला दोष देणारा मी कोण?

पण ‘उचलून नेतो’ हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबा. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे आणि दारू-ड्रग्सच्या सेवनातून होणारे मानसिक त्रास त्यात मानसिक आजार म्हणूनच धरलेत. अशा रुग्णाला उपचारासाठी ठेवून घेणाऱ्या केंद्राला मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी बंधनकारक आहे. साखळीने बांधणं कायद्याने बंद, कोणत्याही कारणासाठी. माणसाची तयारी नसताना भरती करायचं झालं तर त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे त्याच्या वतीने बघायला नेमलेला माणूस, अर्ज करतो. मग मनोविकार तज्ज्ञ आणि आणखी एक डॉक्टर किंवा व्यावसायिक, दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावं लागतं. एवढं करूनही ती भरती सुरुवातीला तीस दिवसांपर्यंतच. रात्री चार पोरं आली, गाडीत कोंबलं आणि ‘तीन महिने भेटायचं नाही, फोन करायचा नाही’ असं सांगितलं, हे कुठल्याही कलमात बसत नाही.

आमच्या ओळखीतल्या एका जिभाऊंनी दोन बैल विकून पोराला असंच एका केंद्रात ठेवलं होतं. महिन्याचे पैसे आगाऊ, गाडीचे वेगळे, ‘औषधांचे’ वेगळे. पावती एकाचीही नाही. पोरगा परत आला तेव्हा मी सवयीने विचारलं की कोणती औषधं चालू आहेत, चिठ्ठी दाखव. चिठ्ठी नव्हती. सकाळी उठून प्रार्थना, झाडलोट, दिवसभर बसून राहणं आणि चुकलं की मार, एवढाच ‘कोर्स’. पुढे काय घ्यायचं, कोणाला भेटायचं, तल्लफ आली तर काय करायचं, काहीच नाही. पोळ्यापर्यंत तो पुन्हा तिथेच होता आणि जिभाऊ मात्र पोळ्याला दुसऱ्याचे बैल बघत होते.

सगळीच केंद्रं अशी नाहीत, हे सांगायलाच हवं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून उभं आहे आणि आपल्याकडचे कितीतरी लोक तिथे जाऊन आलेत. तिथलं शिकण्यासारखं काय, तर भरती संपली म्हणून संबंध संपत नाही. पाठपुरावा, घरच्यांशी बोलणं, गटात बसणं हे उपचाराचंच अंग मानलं जातं. केंद्र सरकारच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्था चालवतात अशीही केंद्रं असतात. आपल्या जिल्ह्यात कोणतं आहे ते समाजकल्याण कार्यालयात विचारा. केंद्रात जायचंच असेल तर आधी एकटं जाऊन बघून या आणि तोंडावर विचारा: नोंदणीचा कागद कुठे लावलाय? मनोविकार तज्ज्ञ कोणत्या वारी येतात? रात्री फिट आली तर कुठल्या दवाखान्यात नेता? पावती देता का? घरी सोडल्यानंतर किती दिवसांनी बोलावता? शेवटच्या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर उठा तिथून.

आता विम्याबद्दल, कारण इथे माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं. तोच २०१७ चा कायदा म्हणतो की विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच बरोबरीने विमा द्यावा. कायद्यात व्यसन त्यात धरलंय. आणि पॉलिसीच्या मागच्या पानावर बघा, न मिळणाऱ्या गोष्टींच्या यादीत दारू, अमली पदार्थ आणि ‘त्यांचे परिणाम’ असं कलम बहुतेक सगळ्यांच्या पॉलिसीत सारख्याच शब्दांत सापडेल. ‘परिणाम’ म्हणजे लिव्हर आलं, स्वादुपिंडाची सूज आली. मग घरचे काय करतात? डॉक्टरच्या पाया पडतात, “साहेब, कागदावर दारू लिहू नका, क्लेम अडकेल.” डॉक्टर दयेपोटी लिहीत नाही. आणि कागदावर दारूच नाही म्हटल्यावर त्या रुग्णाला मनोविकार तज्ज्ञ बघणार तरी कशाला? लिव्हरवर लाखभर खर्च होतो, माणूस थोडा बरा होऊन घरी येतो, बाटली जिथल्या तिथे. एका कलमामुळे आजाराचं कारणच फाइलमधून गायब होतं. यावर कोणी बोलत नाही. एजंटला विचारलं तर तो मला म्हणाला, “भाऊ, हे सगळ्यांचं असंच असतं.” असतं, म्हणूनच तर विचारतोय.

सरकारी योजनेचं थोडं वेगळं आहे. आयुष्मान भारतच्या पॅकेजमध्ये व्यसनाशी जोडलेल्या मानसिक आजारांचा समावेश आहे, पण ही पॅकेजेस सरकारी दवाखान्यांसाठी राखलेली आहेत. म्हणजे खासगी केंद्रात कार्ड दाखवून काही होत नाही. महात्मा फुले योजनेत आपल्या केसला काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भरतीच्या वेळीच विचारा, घरी सोडायच्या दिवशी नको. रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या. कागदाच्या एका फेरीत एक दिवस जातो आणि त्या एका दिवसात तयार झालेलं मन बदलतं.

२०१९ साली केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून करवून घेतलेलं देशव्यापी सर्वेक्षण आलं. त्यात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळाल्याचं आढळलं. दाखल होऊन उपचार १८० मागे एकाला. दारूच्या करातून सरकारला किती मिळतं यावर दरवर्षी बातमी येते, व्यसनमुक्तीच्या खाटा किती वाढल्या याची बातमी मी तरी पाहिली नाही. गावातल्या बायकांना मतदान घेऊन दुकान बंद करता येतं, मतपत्रिकेवरची ‘आडवी बाटली’ त्यासाठीच. दुकान बंद झालं तरी हातभट्टी आणि मोहाची आहेच, आणि धुळे-मालेगावकडच्या पोरांत नशेसाठी खाल्ली जाणारी कुत्ता गोळीही आहे. पण बाटली आडवी करणाऱ्या त्याच बायकांना विचारा, नवऱ्याला कुठे नेलं. त्या पतसंस्थेचं नाव सांगतील.

म्हणून पुन्हा पैशावर येतो. जमवलेले पन्नास हजार समजा. सरकारी दवाखान्यात दारू उतरवण्याचा भाग झाला की त्यातले फार थोडे गेलेले असतात. डायसल्फिरामची महिन्याची गोळी शे-दोनशेत येते, रुग्णाला सांगून आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर. तल्लफ कमी करणारं नाल्ट्रेक्सोन महाग पडतं, ते तुमच्यासाठी योग्य का हे डॉक्टर सांगतील. लिव्हर खराब नाही ना, हेही ते आधी तपासतात. महिन्याला एक-दोनदा जळगाव. एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे, तिचं बुडणारं रोजंदारीचं पाकीट मात्र या पैशातून भरून द्या, नाहीतर ती दुसऱ्या खेपेला येणार नाही. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस (एए) म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचे गट, त्यांच्या सभांना फी नसते, घरच्यांसाठी अल-अॅनॉन असतं, तेही फुकट. उरलेले पैसे ठेवा, कारण मधे एकदा तो घसरेल. बहुतेक जण घसरतात. त्या वेळी ‘सगळे पैसे पाण्यात गेले’ म्हणून हात टेकायच्या ऐवजी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच ओपीडीत जायचं असतं, आणि त्यासाठी हातात पैसे लागतात. शुगर वाढली म्हणून आपण डॉक्टर सोडत नाही, गोळी बदलून आणतो, तसंच.

चोपडा, यावल, रावेर, अमळनेर भागात एएच्या मराठी सभा कुठे आणि कोणत्या वारी भरतात हे ज्यांना पक्कं माहीत आहे त्यांनी खाली लिहा. माणसांची नावं नकोत, फक्त जागा आणि वेळ. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत मानसिक आरोग्याचं पथक येण्याचे वारही टाका. यादी जमली की मोठ्या अक्षरात छापून दुकानाच्या काचेवर लावतो, बाकीच्या मेडिकलवाल्या मित्रांनीही लावावी.