ताडोबाची लेक, चांदोलीची सून आणि आमचा मेहुणा

ज्याचा मेहुणा ताडोबाला जाऊन वाघ बघून आलाय त्याने पुढचं वर्षभर तरी त्याला घरी जेवायला बोलवू नये. आमचा आला. रस्सा ताटात पडून गार झाला तरी याचं मोबाईलवर सुरूच, वाघीण पाणी पिताना, वाघीण पाणी पिऊन झाल्यावर, वाघीण पाठमोरी, मग नुसतं पाणी, कारण तोवर वाघीण गेली होती. आणि वर म्हणतो कसा, "दाजी, तुमच्याकडे सांगलीत काय आहे बघायला? गणपतीचं देऊळ आणि भडंग."

आता देवळाबद्दल मी एकवेळ ऐकून घेतलं असतं, पण भडंगाबद्दल ज्या सुरात बोलला तो सूर मला झोंबला, आणि त्या भरात मी बोलून गेलो की आमच्या जिल्ह्यात आमचा स्वतःचा व्याघ्र प्रकल्प आहे. बायकोने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी आमराईसमोर समुद्र आहे म्हणून सांगितलं. पण आहे हो! कोयनेचं अभयारण्य आणि चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलाय. चार जिल्ह्यांची सामाईक मालमत्ता असून अजून कोर्टात कशी गेली नाही याचं मला आश्चर्य वाटतं, आमच्याकडे चुलत्या-पुतण्यात बांधावरून तीन पिढ्या केस चालते.

झालं, ठरलं. मे महिन्याची सुट्टी, पावसाळ्यात जंगल बंद असतं म्हणून त्याच्या आत उरकायचं. मी, बायको, पोरगं, मेहुणा आणि ऐनवेळी बायकोच्या आत्या, ज्यांना कुणी बोलवलं नव्हतं पण डबा त्यांनीच केला होता त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. पहाटे अंधारात सांगली सोडली, पेठ नाक्यावरून शिराळ्याकडे वळलो, कोकरूड, आरळा करत मणदूरला पोचेपर्यंत दशम्या निम्म्या संपल्या होत्या.

मेहुण्याचा अवतार बघण्यासारखा होता. पॅन्टपासून टोपीपर्यंत सगळं हिरवं-मातकट ठिपक्यांचं, गळ्यात ही एवढी मोठी लेन्स. आत्या मात्र भडक केशरी साडीत. मेहुणा वैतागला, म्हणाला आत्या जंगलात असं येतात का, प्राणी पळतील. गाइडने दोघांकडं आळीपाळीने बघितलं आणि म्हणाला, "काय न्हाय होत. हरणास्नी केशरी रंग कळतच न्हाय नीट, हिरव्यात खपून जातोय. म्हणून तर वाघाचं पोट भरतंय." म्हणजे कपड्यांवर पैसे घालून लपला मेहुणा, आणि खरं लपलेल्या होत्या आत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि जीपमध्ये पुढची सीट धरली.

मेहुण्याने बसल्याबसल्या ताडोबाचं सुरू केलं. गाइडने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताडोबाचीच आणलीया की हितं."

आणि मग जे कळलं ते ऐकून मला माझ्या जिल्ह्याबद्दल फारच जिव्हाळा दाटून आला. आमच्या सह्याद्रीत वाघ नव्हतेच अशातला भाग नाही, 2018 साली कॅमेऱ्यात एक सापडला होता, नंतर राधानगरीच्या बाजूने एक-एक नर चालत चालत येऊन इथं राहिले. जागा झकास, बारमाही पाणी, खायला गवा-सांबर, वर 2012 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाचा शिक्का. सगळं आहे, मादी नाही! आमच्याकडच्या गावागावांत हेच चाललंय की, पोराला पाच एकर बागायत, दारात ट्रॅक्टर, निर्व्यसनी, आणि पोरगी द्यायला कुणी तयार नाही कारण पोरगं गावात राहतंय. शेवटी वनखात्यानेच मध्यस्थी केली आणि 2025 च्या नोव्हेंबरात ताडोबाहून एक वाघीण आणून चांदोलीत सोडली. नाव तारा.

आत्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. तोवर त्यांना वाघात काडीचा रस नव्हता, पण हा विषय त्यांचा होता.

"एवढ्या लांब दिली? चंद्रपूरकडची ना ती?"

"व्हय, गाडीतनं आणली."

"आणि आल्याआल्या लगेच सोडली जंगलात?"

"न्हाय, आदी काय दिवस कुंपणात ठेवली. हवापाणी मानवतंय का बगाय. मग दार उगाडलं."

"बरं केलं. आणि आता रमली का?"

"गळ्यात पट्टा हाय, कुटं जाती कुटं न्हाय समदं कळतंय."

यावर आत्या गप्प झाल्या. थोड्या वेळाने नुसतं म्हणाल्या, "सासर म्हटलं की आलंच ते." गाइड अर्धा मिनिट त्यांच्याकडे बघत राहिला, मग गाडी पुढे घ्यायला सांगितली.

ताडोबात आणि इथं फरक काय, तर तिथं वाळकं गवत, बांबू, तळी, वाघ रस्त्याने चालत येतो आणि पंचवीस जीप त्याच्या मागे वरातीसारख्या. इथं झाडी अशी की जीपच्या बाजूला हात लांब केला तर हात दिसत नाही. दोन बाजूला दाट गच्च हिरवं, वर फांद्यांचा मांडव, वाघ चार हात अंतरावर बसून जांभई देत असला तरी आपल्याला पत्ता लागायचा नाही. त्याला मात्र आपला सगळा लागतो, विशेषतः आमच्या पोराने कुरकुरीत शेव तोंडात टाकल्यावर तर नक्कीच.

एकदा मात्र जंगलातनं भुंकल्याचा आवाज आला. गाइडने हात वर केला, इंजिन बंद. परत भुंकलं. आत्या मोठ्याने म्हणाल्या, "अगंबाई, कुणाचं कुत्रं सुटलंय?" ते भेकर होतं, छोटं हरीण. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं आणि भुंकतं ते बहुतेक वाघ-बिबट्याचा वास आला म्हणून, हे गाइडने कुजबुजत सांगितलं, पण तोवर आत्या त्याला यू यू करून बोलवायला लागल्या होत्या. भेकर गप्प झालं ते झालंच.

मेहुण्याची पंचाईत झोळंबीच्या सड्याच्या, म्हणजे तिथल्या कातळाच्या पठाराच्या, अलीकडे सुरू झाली. पहाटेपासून दोनदा चहा, वर आत्यांचं ताक. जीपमधून उतरायचं नसतं हा नियम ताडोबात त्यानेच कुणालातरी सुनावला होता म्हणे. आधी तो फोटो काढायचा थांबला, मग बोलायचा थांबला, मग रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटायला लागला. शेवटी गाइडलाच दया आली. मोकळी जागा बघून गाडी थांबवली, आजूबाजूला नीट बघून घेतलं आणि म्हणाला, जावा, पण लांब नगा जाऊ.

मेहुणा धावत एका जाड झाडामागे गेला. गाइड ओरडला, "पावनं, तिथं नगो! कॅमेरा हाय झाडाला!"

तो बिचारा तसाच वळला आणि समोरच्या झाडाकडे निघाला. गाइड म्हणाला, "त्या बी झाडाला हाय!"

दोन का, तर वाघाच्या डाव्या अंगावरचे पट्टे आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे प्रत्येक वाघाचे निराळे, म्हणून दोन्ही बाजूंनी फोटो लागतो, नाहीतर एकच वाघ दोनदा मोजला जायचा. एरवी ही माहिती मेहुण्याने वहीत लिहून घेतली असती. त्या क्षणी तो दोन झाडांच्या बरोबर मध्ये पट्ट्याच्या बकलाला हात घालून उभा होता, आणि ते कॅमेरे समोरून काही गरम आणि हलणारं गेलं की आपोआप फोटो काढतात. आता कधीतरी कुठल्यातरी ऑफिसात कुणीतरी गवा, सांबर, गवा, साळिंदर असं बघत बघत तिथपर्यंत येणार. दोन्ही अंगांनी.

परतताना गवा भेटला. भेटला म्हणजे रस्ता अडवून आडवा उभा. टनाच्या घरातलं धूड, काळं कुळकुळीत, खाली गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. नाकपुडीवर एक माशी बसली होती, ती उठवायला त्याने जीभ बाहेर काढून वर नाकात घातली आणि परत आमच्याकडे बघत रवंथ सुरू. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. हॉर्न वाजवायचा नाही, हाकलायचं नाही, उतरायचं तर नाहीच. ऊन चढलं, पोरगं झोपलं, बायकोने माझ्याकडे बघणं सोडलं. आत्या मात्र एकटक बघत होत्या. "बेंदराला असला एक दारात पायजे," म्हणाल्या, "पुरणपोळी किती लागंल पण." मेहुण्याने एकही फोटो काढला नाही. म्हणे, गवा काय, वाघ पाहिजे. मला राग आला खरं सांगतो. मघाशी शेकरू या फांदीवरनं त्या फांदीवर गेलं, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी, ती तांबूस झुबकेदार शेपटी, तेव्हाही हा लेन्स पुसत बसला होता. तिकीट काढून आल्यासारखं वाघाने हजेरी लावावी असं ज्यांना वाटतं त्यांनी सर्कशीतले वाघ बंद झाले म्हणून हळहळावं, जंगलात येऊ नये.

गवा गेला त्याच्या मर्जीने.

आरळ्याच्या पुढे एका टपरीवर चहाला थांबलो. चारी बाजूंना ऊस, पुरुषभर उंच. बाकड्यावर एक म्हातारबा बसले होते, गमबूट घातलेले, हातात बॅटरी, डोळे तांबारलेले. मेहुण्याचे कपडे बघून त्यांनी विचारलं, मिलटरीत हायसा काय? मी सांगितलं, नाही, वाघ बघायला गेलो होतो.

"घावला?"

"नाही."

"पैसं देऊन गेल्ता?"

"हो."

त्यांनी बशीतला चहा संपवला. "वाघाचं मला म्हाईत न्हाय. बिबट्या बगायचा आसंल तर माज्या उसात या. परवा पाणी धराय गेलो, पाटाच्या कडंला बसल्यालं, बॅटरी मारली तर डोळं आसं चमाकलं. दोन पिल्लीबी हायती."

मेहुणा ताठ झाला. लेन्सचं झाकण निघालं. "कधी येऊ?"

"आज रातीच या की. ह्या आठवड्यात रातची लाइट हाय, बाराला मोटर चालू करायची. पायात बूट घाला, मोबाईलवर गाणी लावा मोठ्यांदी, आन मागं बगू नगा."

मेहुण्याने झाकण परत लावलं. "आज जमणार नाही हो, उद्या सकाळी मीटिंग आहे. पुढच्या आठवड्यात आलं तर?"

"पुडच्या आठवड्यात दिवसाची लाइट. दिवसा कशाला येतोय त्यो?"

"मग पुढच्याच आठवड्यात येतो," मेहुणा म्हणाला, आणि सगळ्यांच्या चहाचे पैसे त्यानेच दिले.