ई-रेसिडेन्सी म्हणजे एस्टोनियात मुक्काम नव्हे

‘एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी काढा आणि लॅपटॉप घेऊन थेट युरोपात राहायला जा’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. डिसेंबर २०१४ पासून मिळणारं हे कार्ड म्हणजे फक्त डिजिटल ओळख. त्यावर घरबसल्या तिथे कंपनी काढता येते, कागदपत्रांवर डिजिटल सही करता येते. पण तो व्हिसा नाही, राहण्याचा परवानाही नाही. विमानतळावर त्याचा काही उपयोग नाही. (नावातच ‘रेसिडेन्सी’ घातल्यावर घोळ होणारच म्हणा!) तिथे राहून काम करायचं तर डिजिटल नोमॅड व्हिसा (कुठूनही ऑनलाइन काम करणाऱ्यांसाठीचा) वेगळा काढावा लागतो. तो २०२० मध्ये सुरू झाला, जास्तीत जास्त वर्षभराचा असतो आणि आधीच्या सहा महिन्यांची कमाई दाखवावी लागते. आणि हो, नुसतं कार्ड घेतल्याने भारतातला आयकर चुकत नाही.