जेनेरिक पावडरीने आतडं साफ होत नाही? त्या मेसेजला उत्तर

कोलोनोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीने करायच्या मोठ्या आतड्याच्या तपासणीची, तारीख ठरली की घरच्या ग्रुपवर कुणीतरी हा मेसेज टाकतंच: "पोट साफ करायची जेनेरिक पावडर घेऊ नका. ती कमजोर असते, आतडं नीट साफ होत नाही, तपासणी पुन्हा करावी लागते. किडनीही जाते. मोठ्या कंपनीचीच घ्या, नाहीतर सरळ एरंडेल प्या." हे वाचून कुणी घाबरून औषध अर्धंच पितं, कुणी तपासणीच पुढे ढकलतं. म्हणून यातला एकेक दावा तपासून पाहू.

"जेनेरिक कमजोर असते." जेनेरिक म्हणजे मूळ कंपनीचा हक्क संपल्यावर इतरांनी बनवलेलं तेच औषध. आपल्याकडे ज्याला आपण ब्रँड म्हणतो, ती पावडरही बहुतेक वेळा जेनेरिकच असते, फक्त नाव लावून विकलेली. पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि क्षारांचं हे मिश्रण अमेरिकेत १९८४ साली मंजूर झालं. ते आता कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. दोन लिटर पाण्यात घालायचं नेहमीचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा: पॉलिएथिलीन ग्लायकॉल ११८ ग्रॅम, सोबत सोडियम सल्फेट, सोडियम बायकार्बोनेट, सोडियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. हेच घटक याच प्रमाणात असतील तर काम तेच होणार. गोळीच्या बाबतीत ती पोटात नीट विरघळते का, रक्तात किती उतरते, असे प्रश्न रास्त असतात. इथे औषध आपण स्वतःच जगमध्ये विरघळवतो, आणि ते रक्तात जवळजवळ उतरतच नाही. पाणी आतड्यात धरून ठेवायचं आणि सगळं धुऊन बाहेर काढायचं, एवढंच त्याचं काम.

गफलत होते ती वेगळ्या ठिकाणी. बद्धकोष्ठतेसाठी मिळणाऱ्या पावडरीतही पॉलिएथिलीन ग्लायकॉल असतं, पण बऱ्याचदा क्षार नसतात आणि मात्रा फारच कमी असते. दुकानदार "हे पण तेच आहे" म्हणाला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बदली म्हणून घेऊ नका.

"तपासणी पुन्हा करावी लागते." लागते, हे खरं आहे, पण बहुतेक वेळा दोष कंपनीचा नसतो, वेळेचा असतो. सगळं औषध आदल्या संध्याकाळी संपवून शांत झोपायचं, हा मोह समजण्यासारखा आहे. पण रात्रभरात लहान आतड्यातून पित्तमिश्रित चिकट स्राव खाली उतरतो आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या भागावर त्याचा थर बसतो. चपटे पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावरच्या गाठी, नेमके तिथेच लपतात. म्हणून निम्मं औषध आदल्या संध्याकाळी आणि निम्मं तपासणीच्या साधारण चार ते सहा तास आधी घ्यायचं, आणि किमान दोन तास आधी पिणं पूर्ण थांबवायचं. भूल देणार असतील तर त्यांनी सांगितलेली वेळ पाळा. सकाळी दहाची वेळ असेल तर पहाटे पाचच्या सुमारास उठून जग हातात घ्यायलाच हवा. याला पर्याय नाही. चव खारट, थोडी तेलकट लागते. द्रावण फ्रिजमध्ये गार करून, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास असं प्यायलं की निभावतं.

खाण्याचंही तसंच. आदल्या एक-दोन दिवसांत पेरू, टोमॅटो, वांगं, पालेभाजी, भाकरी बंद. मऊ पांढरा भात चालतो. नंतर फक्त पारदर्शक पातळ पदार्थ: शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत आणि बिटाचा रस मात्र नको, कारण त्यांचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो.

"किडनी जाते." हा सगळ्यात भीतिदायक दावा, आणि तो चुकीच्या औषधाला चिकटवलेला आहे. पोट साफ करायलाच तोंडाने घ्यायच्या सोडियम फॉस्फेट या दुसऱ्या औषधामुळे काही रुग्णांच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने त्यावर कडक इशारा छापायला लावला, आणि तो व्हिसिकॉल, ऑस्मोप्रेप या ब्रँडेड गोळ्यांवरच होता. म्हणजे धोका घटकाचा होता, स्वस्तपणाचा नव्हता. पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या मिश्रणात क्षारांचं प्रमाण असं ठेवलेलं असतं की शरीरातलं पाणी आणि क्षार फारसे हलत नाहीत. तरीही किडनीचा किंवा हृदयाचा आजार, मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी यांपैकी काही असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.

"महाग तेच चांगलं." कमी पाण्यात भागणारी नवी औषधं पिणं सोपं जातं. ज्यांना दोन लिटर पिणं खरंच जमत नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून ती घ्यावीत.

"एरंडेल प्या." कृपा करून नको. घरगुती जुलाबाने आतडं पुरेसं साफ होईल याची खात्री नसते, आणि गेलेले क्षार भरून निघत नाहीत. पूर्वी पोट साफ करायला मॅनिटॉल हा साखरेसारखा पदार्थही सर्रास देत. आतड्यातले जीवाणू त्यापासून हायड्रोजन वायू तयार करतात. १९७९ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी पॉलिप काढताना विजेच्या ठिणगीने आतड्यात स्फोट होऊन रुग्ण दगावल्याची नोंद प्रसिद्ध केली आहे.

मेसेजमागची एक काळजी मात्र मी मानतो: औषधाच्या दर्जाची. त्यासाठी परवानाधारक दुकानातून बिल घेऊन खरेदी करा, पाकिटावरचा बॅच नंबर आणि मुदत बघा, पावडर गठ्ठे झालेली असेल तर परत करा. शेवटी शेवटी शौच पिवळसर आणि आरपार दिसेल इतकं स्वच्छ यायला हवं. सगळं औषध संपूनही ते तपकिरी, गढूळच येत असेल, तर निघण्यापूर्वी तपासणी केंद्रात फोन करा. जादा डोस द्यायचा की वेळ पुढे न्यायची, हे ते ठरवतील.